पॅलेस थिएटर व आपण

कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी बांधविलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढे केशवराव भोसले यांचे नाव पावलेले नाट्यगृह, ता. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरेच दिवशी केशवरावांची जयंती होती! १९१३ साली आरंभिलेली ही वास्तु १९१५ साली पुरी झाली. शेजारी मल्लांकरिता खासबाग मैदान, येथे नटांकरिता रंगमंदिर, अशी त्या राजाची गुणग्राहकता.

धाराशिवकरांस याचे काय, असे कित्येक पालक म्हणतील. आमच्या तुळजापुरी गोंधळ्यास संबळ व दिवटी मिळाली की पुरे; त्यास छप्परही नको, हे खरेच. परंतु संगीत नाटकाची गोष्ट निराळी. ध्वनिवर्धक नव्हता त्या काळी नटाची तान शेवटच्या रांगेपर्यंत पोचावयाची, ती कंठाबरोबरच भिंती व छप्पर यांच्या साह्याने. अशी वास्तु हे एक वाद्यच होय.

नव्या उभारणीत अग्निनिवारणाची तजवीज चोख हवी, याविषयी दुमत नाही. जुने रूप राखण्याचा आग्रहही आम्हांस मान्य आहे. मात्र खुर्च्या व रोषणाई यांची वाखाणणी होण्यापूर्वी एखाद्या गायकाने ध्वनिवर्धकावाचून तेथे एक पद म्हणावे, आणि ते मागील रांगेतील खेडूतास स्पष्ट ऐकू आल्याखेरीज काम पुरे झाले असे कोणी समजू नये.