पुरेसा आवाज म्हणजे किती?



निवृत्तीनंतर जुने वाद्य पुन्हा हाती घेणे ही मनाला उभारी देणारी गोष्ट आहे. मात्र त्या वाद्याबरोबर विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर घरात येतो, तेव्हा कानांचाही विचार करावा लागतो.

काही दिवसांपूर्वी 67 वर्षांचे एक गृहस्थ आपल्या कन्येसह माझ्याकडे आले. तरुणपणी ते चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवीत. आता जुने सवंगडी पुन्हा जमले असून दर रविवारी तीन तास तालीम चालते. त्यांची तक्रार अशी, की ड्रमच्या आवाजात त्यांना स्वतःचाच बेस ऐकू येत नाही. 40 वॅटचा ॲम्प पूर्ण चढवला तर सूर फाटतो. ‘‘डॉक्टर, किती वॅटचा घेऊ?’’ असे त्यांनी विचारले. कन्या म्हणाली, ‘‘घेऊच नका, असं बाबांना सांगा. तालमीहून आले की रात्रभर त्यांच्या कानात शिट्टी वाजते.’’

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते.

आधी ॲम्पविषयी. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झवर कंप पावते. इतक्या खर्जातील ध्वनी माणसाच्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात. म्हणून साध्या गिटारला 40 वॅट भरपूर होतात, तेथे ड्रमसोबतच्या बेसला 200 ते 300 वॅटची क्षमता लागते. पण वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. 100 ऐवजी 200 वॅट घेतल्यास फक्त 3 डेसिबलची भर पडते. आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. स्पीकरचा आकार आणि त्याची कार्यक्षमताही तितकीच महत्त्वाची असते. मोठ्या क्षमतेचा ॲम्प घ्यावा तो पूर्ण चढवण्यासाठी नव्हे, तर अर्ध्यावर ठेवूनही सूर स्वच्छ राहावा म्हणून.

आता कानाविषयी. वयोमानाने येणारी बधिरता प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हिरावून नेते. बेसचा खर्ज ऐकू येतो, पण तार छेडल्याचा स्पष्ट आघात हरवतो. वादकाला वाटते, आवाज कमी आहे. तो आवाज वाढवतो, तेव्हा घुमारा वाढतो, स्पष्टता नाही. आमच्या या गृहस्थांच्या तपासणीतही नेमके हेच आढळले. म्हणून ॲम्प निवडण्यापूर्वी श्रवणतपासणी करून घ्यावी.

कानात शिट्टी वाजणे ही धोक्याची सूचना आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील ‘निओश’ या संस्थेने घालून दिलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन तास आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटे. लहान खोलीत जोरात वाजणारा ड्रम 100 डेसिबल सहज गाठतो. तेथे तीन तास बसून बेस आणखी चढवणे म्हणजे उरलेली श्रवणशक्ती पणाला लावणे होय.

मग करावे काय? ॲम्प जमिनीवर ठेवल्यास आवाज वादकाच्या गुडघ्यांकडे जातो. तो भक्कम स्टुलावर किंवा स्टँडवर, कानाकडे तोंड करून ठेवावा. खोलीच्या कोपऱ्यात घुमारा वाढतो, म्हणून कोपरा टाळावा. ॲम्पवरील ‘बेस’ थोडा कमी करून ‘मिड’ किंचित वाढवल्यास सूर वेगळा ओळखू येतो. ड्रमवादकाला हात हलका ठेवण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. वादकांसाठी मिळणारे, सर्व पट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करणारे इयरप्लग सुमारे 15 डेसिबल उतरवतात. कापसाच्या बोळ्यांवर मात्र विसंबू नये. श्रवणयंत्र असल्यास तालमीत ते कसे वापरावे, हे श्रवणतज्ज्ञाकडून समजून घ्यावे. यंत्र बंद करून कानात ठेवणे म्हणजे संरक्षण नव्हे.

वजनाचाही विचार हवा. जुन्या धाटणीचे मोठे स्पीकर 25 किलोंहून जड असतात. आता ‘क्लास डी’ प्रकारचे ॲम्प आणि निओडिमियम चुंबकाचे स्पीकर पुष्कळ हलके मिळतात. पाठ आणि गुडघे दुखत असतील, तर चार पैसे अधिक मोजणे शहाणपणाचे. पेसमेकर बसवलेल्यांनी स्पीकर छातीशी धरून उचलू नये, कारण त्यात शक्तिमान चुंबक असतो.

शेजाऱ्यांचे भानही राखावे. खर्जाचा आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे.

आमच्या गृहस्थांनी हलका, 300 वॅटचा ॲम्प घेतला आणि इयरप्लगही. तालीम आता दर पाऊण तासाने थांबते. कानातली शिट्टी बरीच कमी झाली आहे. गेलेली श्रवणशक्ती मात्र परत येणार नाही, हे त्यांना मी स्पष्ट सांगितले.

घरातील मंडळींना एवढेच सांगावेसे वाटते : वडीलधाऱ्यांच्या हातातले वाद्य काढून घेऊ नका. त्यांना श्रवणतपासणीला घेऊन जा, आणि जमल्यास एखाद्या रविवारी तालमीलाही जाऊन बसा.