पोळी मोजता, मग पेग का नाही?

बंगळुरूला पोस्टिंग आलं की वजन वाढतं, अशी आमच्याकडे एक समजूत आहे. दोष हवेला. हवा छान, म्हणून भूक लागते, म्हणे. मला हे पटत नाही. हवा राहू दे तशीच, संध्याकाळी आठ ते अकरा ग्लासात काय जातं ते मोजा, मग बोलू.

वार्षिक मेडिकल दोन महिन्यांवर आली की मेसमध्ये डाएटची साथ येते. भात बंद. पोळ्या तीनवरून एक. डोसा नुसता बघायचा. सकाळी कब्बन पार्कात पाच किलोमीटर. आणि रात्री? "रम सोडली, आता फक्त व्होडका-सोडा." सांगताना चेहरा असा की जणू संन्यास घेतलाय. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय!

हिशेब शाळकरी आहे. एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे 7 कॅलरी. साखर-पिठाच्या 4, तेल-तुपाच्या 9. म्हणजे दारूची पंगत तुपाशेजारी, भाताशेजारी नाही. आपल्याकडे मिळणारी रम, व्हिस्की, व्होडका बहुतेक 42.8 टक्क्यांची. 60 मिलीच्या लार्जमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 140 कॅलरी. बाटली काळी असो वा पांढरी, आकडा तोच. सोड्याने वाचते ती कोलाची साखर, ग्लासामागे साठेक कॅलरी. ती जरूर वाचवा. पण त्याला दारूच्या कॅलरी कमी केल्या म्हणू नका. इंदिरानगरच्या ब्रुअरीत जाऊन "आपण बिअरवाले, हलकं" म्हणणाऱ्यांचंही तेच. अर्ध्या लिटरचा मग 200 च्या आसपास जातो, म्हणजे दोन पोळ्या. आणि एका मगावर उठलेला माणूस मी तिथे क्वचितच पाहिलाय.

आठवड्यात तीन रात्री, रात्री तीन लार्ज. मेसमध्ये याला कोणी पिणं म्हणत नाही. नुसत्या पाण्याबरोबर धरलं तरी 1260 कॅलरी. सहा आठवड्यांत साडेसात हजार, म्हणजे जवळजवळ एक किलो चरबी. आणि सकाळचे ते पाच किलोमीटर? सत्तर किलोच्या माणसाचे साधारण 350. तीन पेगांचेही फिटले नाहीत.

बरं, नुसता आकडाच नाही. अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत आधी ते निपटतं आणि चरबी जाळण्याचं काम तोवर मागे पडतं. दोन पेगांनंतर हाताला लगाम राहत नाही, ते वेगळंच. इथल्या काँग्रेस कडलेकाईची बशी समोर असेल तर विचारूच नका. शेंगदाणे 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर! यावर काहींनी तोडगा काढलाय की प्यायचं आणि जेवण सोडायचं. म्हणजे डाळ, अंडी, भाजी बाद आणि दारू कायम. असं उतरलेलं वजन स्नायूंचंही असतं, ते पुढच्या शारीरिक चाचणीत कळतं.

बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरी छापाव्या लागतात, बाटलीवर त्या छापायचं बंधन नाही. मेसचं बिल रुपयांत येतं आणि कँटीनच्या दरात ते टोचतही नाही. इथल्या बंगळुरू क्लबात 1899 च्या वहीत लेफ्टनंट चर्चिलचे 13 रुपये बुडीत खात्यात आहेत. हिशेब मागे ठेवून जायची इथली परंपरा जुनी म्हणायची.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पोट सुटलेल्या जवानांना वेगळं काढून जादा पीटी लावतात. योग्यच आहे. कॅटेगरी खाली गेली की त्याच्या कोर्सवर, बढतीवर, घरच्या हिशेबावर सावट येतं. पण त्याच्या ताटावर लेक्चर देणारा साहेब आदल्या रात्री चौथ्या लार्जवर असतो, आणि त्याच रात्री एखाद्या नव्या लेफ्टनंटला "अरे, एक तर घे, कसला फौजी तू" म्हणून पाजत असतो. पंचविशीतल्या पोराने सीनिअरला नाही म्हणायचं तरी कसं?

परंपरेची ढाल पुढे करू नका. डिनर नाइटला राष्ट्रपतींचा टोस्ट पाण्याच्या ग्लासानेही उचलता येतो, आणि उचलणाऱ्याकडे कोणी वाकडं बघत नाही. मग बाकीच्या रात्री लिंबू-सोडा घेणाऱ्याची थट्टा कशासाठी? उंचावरच्या चौकीत इश्यूची रम हा वेगळा विषय. कब्बन रोडवर बर्फ पडत नाही.

कोणी दारू सोडावी असं मी म्हणत नाही. वजन उतरवायचं असेल तर पेगांची संख्या उतरवा, मिक्सर नको, एवढंच म्हणतो. बारवरच्या मापाला दोन तोंडं असतात, 30 चं आणि 60 चं. न विचारता 30 चं वापरावं, बारच्या फलकावर किमतीशेजारी कॅलरी लिहाव्यात आणि "घेणार का?" हे एकदाच विचारावं. येत्या मेस मीटिंगला हे तीन मुद्दे मी लेखी देणार आहे. विरोध कोणत्या टेबलावरून होणार, हेही मला ठाऊक आहे.