प्रवासातले पथ्य



सहा डिसेंबर जवळ आला की जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इकडच्या वस्त्यांतून चैत्यभूमीला जाण्याची तयारी सुरू होते. कोणी एस.टी.ने निघतो, कोणी वर्गणी काढून केलेल्या गाडीने माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे दादर गाठतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास 2022 पासून मोफत झाला, 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे घरातली वयस्कर मंडळीही निघू लागली आहेत, आणि मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे दुखणे आहे ते बहुतेक यांनाच. घरी सून मीठ-साखर मोजून देते, वेळेवर ताट वाढते. गाडीत पाय ठेवला की पथ्य घरीच राहते.

आमचा अनुभव असा, की पथ्य जिभेमुळे कमी आणि संकोचामुळे जास्त मोडते. शिवाजी पार्कवर आपलेच बांधव रात्रंदिवस उभे राहून प्रेमाने पुरीभाजी, शिरा, बुंदी वाढतात. त्यांना नाही कसे म्हणायचे? आणि वाटेत गाडी हॉटेलपाशी थांबली की चारचौघांत फडक्यातली भाकरी सोडायला तरुण मुलांना लाज वाटते. आजीलाही ते सांगतात, "ठेव ती, आपण वडापाव घेऊ."

या लाजेचे मूळ आम्ही जाणतो. आपल्या आज्या-पणज्यांना शिदोरी बांधावीच लागे, कारण हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी, बसायची जागा बाहेर. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 1901 साली लहानपणी ते भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवरून पुढे बैलगाडीचा प्रवास होता. डबा भरलेला होता, पण वाटेत अस्पृश्यांच्या पोरांना पाणी कोणी देईना. पाण्यावाचून जेवण तसेच राहिले आणि मुले उपाशी झोपली. तेव्हाची शिदोरी लाचारीची होती. आजची शिदोरी डॉक्टरांनी सांगितलेली आहे. दोन्हींत काय नाते? पुढे बाबासाहेबांनाही मधुमेह होता. नोव्हेंबर 1956 मध्ये प्रकृती खालावलेली असताना ते बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्यांच्यासोबत माईसाहेब होत्या, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या गाडीत डॉक्टर नसतो, म्हणून थोडी माहिती प्रत्येकाला हवी.

मागे एकदा आमच्या गाडीत एका मावशींनी नेहमीच्या वेळेला मधुमेहाची गोळी घेतली. जेवण घाट उतरल्यावर करायचे ठरले होते, पण घाटात वाहनांची रांग लागली. मावशींना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे तुटक झाले. सगळे म्हणाले, गाडी लागली. कोणी लिंबू हुंगायला दिले. मागे बसलेली नर्सिंग शिकणारी एक मुलगी पुढे आली आणि तिने पाण्यात साखर कालवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत मावशी सावरल्या, मग अर्धी भाकरी खाल्ली.

हेच लक्षात ठेवायचे. काही गोळ्या आणि इन्शुलिन घेतल्यावर अन्न पोटात गेले नाही तर रक्तातली साखर एकदम उतरते. जेवणाआधीचे इन्शुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. साखर उतरली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, गाडी थेट दवाखान्याकडे वळवावी. इन्शुलिनची बाटली टपावरच्या सामानात किंवा उन्हाच्या खिडकीशी न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवावी. गोळ्यांच्या वेळा प्रवासात कशा बदलायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारावे.

बाजरीची भाकरी मधुमेहाला कितीही चालते असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. भाकरीचीही साखर होते, म्हणून नेहमीइतकीच खावी. सोबत कोरडे पिठले, मेथीची भाजी, फुटाणे बांधावेत. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे, पापड, फरसाण आणि खारे दाणे घेऊ नयेत.

मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पथ्य निराळे आणि जास्त कडक असते. दमलेल्या माणसाला आपण कौतुकाने शहाळे पाजतो. पण ज्याला डॉक्टरांनी पोटॅशियम वर्ज्य केले आहे त्याला शहाळे, केळी, आणि हो, आपल्या नारायणगावचा टोमॅटोसुद्धा धोक्याचा. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही त्याला देऊ नये, त्यात पोटॅशियमच असते. पाणी किती प्यायचे तेही ठरलेले असते, म्हणून त्याची बाटली वेगळी ठेवावी आणि दुसऱ्याने तिला तोंड लावू नये.

अन्नदान करणाऱ्या मंडळांना आमची एक विनंती आहे. मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान पातेले मुगाच्या किंवा मटकीच्या कमी मिठाच्या उसळीचे, आणि एक किटली बिनसाखरेच्या चहाची ठेवावी. वर पाटी लावावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तोंड उघडून मागावे लागणार नाही.

आणि गाडीची यादी करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगतो: नाव, वय, वर्गणी, फोन याच्या पुढे 'पथ्य' असा एक रकाना आखा. आमच्या यादीत आम्ही तो आखला आहे. वर्गणी घेतानाच विचारतो, आणि साखरेची पुडी कोणाच्या पिशवीत आहे तेही त्याच ओळीत लिहून ठेवतो.