जर्द्याचा पिवळा, पुडीचा पिवळा

असरची नमाज झाली की मोताळ्यातल्या रोजेदारांच्या घरी इफ्तारीची लगबग सुरू होते. भजी, फळे, शरबत आणि पाहुणे येणार असतील तर जर्दा. हा जर्दा तंबाखूचा नव्हे. तो गोड भात. फारसीत ‘जर्द’ म्हणजे पिवळा, म्हणजे रंगावरूनच पदार्थाचे नाव पडले. भात फिका राहिला तर पाहुणे काय म्हणतील, या धास्तीने किराणा दुकानातली रंगाची पुडी फुटते. तोच रंग मग बिर्याणीवर शिंपडला जातो, कबाबाच्या मसाल्यातही पडतो.

सगळेच कृत्रिम रंग विषारी असतात असे नाही. मिठाईसारख्या ठरावीक पदार्थांत मान्य रंग चालतात, पण किलोमागे जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग! एवढे मोजणारा काटा कोणत्या स्वयंपाकघरात असतो? शिवाय बिननावाच्या सुट्या पुडीत खाण्याचा रंग आहे की कापड रंगवायचा मेटॅनिल यलो, हे डोळ्यांना कळत नाही. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये कबाबांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. ती विकणाऱ्यांसाठी. घरच्या चुलीपाशी तपासणीला कोणी येत नाही, आणि त्याच ताटातून दिवसभर उपाशी राहिलेले लेकरू पहिला घास घेते.

केशर महाग आहे, हे खरेच. स्वस्त मिळाले तर आधी शंका घ्यावी: कोमट पाण्यात अस्सल काडी हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. पण जर्द्याला केशरच हवे असेही नाही. तांदूळ उकळताना पाण्यात चिमूटभर हळद टाकली की दाणा छान पिवळा होतो; वेलची-लवंगेपुढे हळदीचा वास उरत नाही. कबाबाला काश्मिरी मिरची पुरते. बीट मात्र मटणात नको, उगाच गोडसर लागते. आणि भज्यांवर तांबडे ठिपके दिसले तर लगेच बेसनाला दोष देऊ नये. सोडा जास्त झाला की हळदच लाल होते.

हळदीचा जर्दा पुडीइतका झगझगीत दिसत नाही, एवढीच काय ती उणीव. ईदच्या शीरखुर्म्याला तर कोणी रंग लावत नाही. दूध, शेवया, खारीक, चारोळी. तरी शेजारचे पाटील, देशमुख दुसरी वाटी मागून घेतात.