'काही नाही' म्हणजे नेमके काय?

तपासणीचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरात फक्त पेढे वाटायचे बाकी राहते. डॉक्टर हसून म्हणतात, "कांय ना बाय, सगळें सारकें आसा." नवरा सुटकेचा श्वास टाकतो, सासूबाई देवाला बोललेला नारळ द्यायची आठवण करतात. आणि ज्या डोक्यासाठी एवढा खटाटोप झाला ते डोके दोन दिवसांनी पुन्हा दुखू लागते. आता मात्र ते कोणाला सांगायची सोय राहिलेली नसते. रिपोर्टनेच तोंड बंद केलेले असते.

आमच्या कार्यालयात दर महिन्याला वर एक 'निल रिपोर्ट' पाठवावा लागतो. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत त्याला 'निरंक' असा छान शब्द आहे. निरंक म्हणजे कार्यालयात काहीच घडले नाही असे नव्हे. वरून आलेल्या तक्त्यात जे रकाने होते त्यांत भरण्यासारखे काही नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. एमआरआयचे तसेच आहे. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, सूज आहे का, असे त्याचे रकाने. वेदना हा रकाना त्या यंत्रात नाहीच. तेव्हा निरंक अहवालाला 'तुम्हाला काही झालेले नाही' असे वाचणे हे कारकून म्हणूनही मला पटत नाही आणि रोगी म्हणून तर नाहीच नाही.

माझे डोके गेली अनेक वर्षे दुखते. उजव्या डोळ्याच्या मागे सुरू होते आणि मानेपर्यंत उतरते. कधी आठवड्यात तीनदा, कधी महिनाभर पत्ता नसतो. डोळे, सायनस, रक्तदाब, थायरॉइड, मानेचा एक्स-रे असे सगळे गाव फिरून झाले. तरीही दुखण्याची मला एवढी भीती नव्हती. ती आली २०१६ साली. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या सेक्शनमधली एक सहकारी टेबलावरच कोसळली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मेंदूतली शीर फुटली, असे सगळे म्हणाले. वैद्यकीय नाव अ‍ॅन्युरिझम. तेराव्याला कोणीतरी सहज बोलून गेले, "तिचीय तकली सदांच फोडटाली." आणि चार-पाच माना एकदम माझ्याकडे वळल्या.

आपली कोकणी भाषाही या बाबतीत काही कमी नाही. मराठीत डोके दुखते किंवा उठते, कोकणीत 'तकली फोडटा'. लहानपणापासून शेकडो वेळा उच्चारलेला हा साधा शब्दप्रयोग. पण शीर फुटून मेलेली बाई पाहिल्यावर तो तोंडातून काढताना जीभ अडखळते. रात्री दोन वाजता कळ आली की कानाशी स्वतःचीच नाडी ऐकू येते आणि वाटते, आता फुटणार.

म्हणून मी वाचायला लागले. कला शाखेची पदवी घेतलेल्या माणसाने वैद्यक वाचू नये असे आमचे डॉक्टर म्हणतात, पण ते सांगत नाहीत तर वाचायचे नाही तर काय करायचे? सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या पातळ जागी फुगा येतो, तसा मेंदूतल्या रक्तवाहिनीला येतो, तो अ‍ॅन्युरिझम. २०११ साली २१ देशांतल्या अभ्यासांचे एक मोठे संकलन प्रसिद्ध झाले. त्यात मोठ्या माणसांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या डोक्यात असा न फुटलेला फुगा असतो असे दिसले. बहुतेकांना तो जन्मभर कळतही नाही. फुटण्याचे प्रमाण जगाच्या सरासरीने वर्षाला लाखात ६ ते ९. आता हा माझा कारकुनी हिशेब पाहा. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती. त्यात मोठी माणसे दहा लाख धरली आणि तेच प्रमाण लावले, तर तीस हजार गोवेकर हा फुगा डोक्यात घेऊन बाजारहाट करत आहेत, आणि साऱ्या लोकसंख्येत मिळून वर्षाला नव्वद ते एकशेतीस जणांचा तो फुटेल. फुटला तर मात्र खेळ वाईट, तिघांतला एक तरी दगावतो.

या आकड्यांपेक्षाही मला उपयोगी पडली ती दुसरी एक गोष्ट. लहान, न फुटलेला फुगा सहसा दुखतच नाही. म्हणजे 'तिचे डोके सदा दुखायचे, म्हणून शीर फुटली' हा तेराव्याला काढलेला निष्कर्ष बहुधा चुकीचा. वर्षानुवर्षे येऊन-जाऊन दुखणारे डोके ही एक जात आणि फुटलेल्या शिरेची कळ ही दुसरी. ती वीज कोसळावी तशी येते, मिनिटाभरात शिखराला पोचते. असे पूर्वी कधीच दुखले नव्हते, हे माणसाला स्वतःलाच कळते. जोडीला मान ताठणे, उलटी, एक पापणी खाली येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा शुद्ध हरपणे. कधी आधी काही दिवस थोडी गळती होऊन तशीच एक कळ येऊन जाते, आणि ती जिरली म्हणून घरी बसायचे नसते. हे दोन मिनिटांत सांगण्यासारखे आहे. मला ते कोणीही सांगितले नव्हते. मी तीन डॉक्टर केले होते आणि तिघांचीही फी दिली होती.

घरच्या उपायांना मी हसत नाही. सुंठ उगाळून कपाळाला लावली, मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढली, कुळदेवतेला प्रसाद लावून झाला. पाकळी उजवी पडली. या साऱ्यांत एक चांगुलपणा असतो. कोणीतरी आपले दुखणे खरे मानून काही तरी करत असते. आपल्या जुन्या वैद्यांनीही तेच केले. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. अर्धे डोके दुखते तो अर्धावभेदक, आपली अर्धशिशी. सूर्याबरोबर चढतो आणि उतरतो तो सूर्यावर्त. त्यांच्याकडे स्कॅन नव्हता, म्हणून त्यांनी रोग्याला विचारले. कुठे दुखते, कधी चढते, कशाने उतरते? गंमत म्हणजे आजही अर्धशिशीचे निदान याच प्रश्नांवर होते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली पहिले वर्गीकरण केले, तिसरी आवृत्ती २०१८ची. त्यातल्या बहुतेक नेहमीच्या डोकेदुख्या वर्णनावरून ओळखायच्या आहेत, स्कॅन फक्त दुसरे काही नाही ना हे पाहण्यापुरता. म्हणजे ज्याला आपले डॉक्टर 'कारण सापडत नाही' म्हणतात त्यातल्या बऱ्याच दुखण्यांना नाव आहे, फक्त नाव द्यायला पंधरा मिनिटे ऐकून घ्यावे लागते.

आणि मग ते आवडते वाक्य, 'मनाचे आहे'. बाईने सांगितले की तर हमखास. चाळिशी उलटली, पाळी जायची वेळ आली, सुनेशी पटत नसेल! (मला सून नाही.) पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, आडव्या पडत्या स्त्रीवर हात पसरलेला. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा आपला पाद्री. त्याने पॅरिसात सांगितले की मोहनिद्रा कुठल्या चुंबकी द्रवाने येत नाही, ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते. पण ती बाई खोटेच झोपते, असे त्याने म्हटले नाही! झोप खरीच होती. मनातून आलेले म्हणजे खोटे, हा शोध आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आहे. माझी भीती मनातली आहे हे मला मान्य आहे. पण ती दूर करायचे औषधही मनालाच द्यायला हवे, म्हणजे माहिती.

याचा अर्थ उठसूट प्रत्येकाने स्कॅन करावा असा मात्र नाही. साध्या एमआरआयमध्ये लहान फुगा दिसेलच असे नाही, त्याला अँजिओग्राफी लागते. आणि समजा तीन मिलिमीटरचा एक फुगा सापडला, तर? बऱ्याचदा डॉक्टर नुसती नजर ठेवायला सांगतात, कारण क्लिप लावणे काय किंवा मांडीच्या शिरेतून तार नेऊन कॉइल भरणे काय, दोन्हीत धोका आहेच. तो माणूस पुढची तीस वर्षे डोक्यात फटाका आहे असे समजून जगणार. आईवडील-भावंडांत दोघांना हे झाले असेल किंवा मूत्रपिंडात गाठी होण्याचा वंशपरंपरागत आजार असेल तर गोष्ट वेगळी, त्यांनी जरूर विचारावे. बाकीच्यांनी रक्तदाब सांभाळावा आणि विडी-सिगारेट सोडावी, त्यावर फुगा फुटणे बरेच अवलंबून आहे. पर्समधल्या गोळ्याही मोजाव्यात. महिन्यातले पंधरा दिवस साधी वेदनाशामक गोळी घेणाऱ्याचे डोके कालांतराने त्या गोळीनेच दुखू लागते. ही गोष्ट आमच्या कार्यालयातल्या निम्म्या बायकांना सांगायला हवी.

डॉक्टरांकडून माझी अपेक्षा फार नाही. 'काही नाही' याच्यापुढे चार वाक्ये. काय नाही, मग काय असावे, कुठल्या दिवशी रात्र असली तरी बांबोळीला धावायचे आणि नाहीतर पुन्हा कधी यायचे. चौथ्या डॉक्टरने ही वाक्ये मला एका कागदावर लिहून दिली. डोके अजून दुखतेच, पण रात्री दोन वाजता मी नाडी ऐकत बसत नाही, कागद आठवते आणि कूस बदलते.

कार्यालयांचे मात्र काय करावे? मी रजेच्या फायली पाहते. इतक्या वर्षांत मेडिकल सर्टिफिकेटवर 'डोकेदुखी' हा शब्द मी क्वचितच पाहिला. डोके धरून बसलेली माणसे 'व्हायरल फिव्हर' लिहून आणतात, कारण डोके दुखते म्हणून रजा मागणारा कामचुकार ठरतो. गेल्या महिन्यात एका बाईंचा अर्ज आला, सर्टिफिकेटवर डॉक्टरने सरळ लिहिले होते, 'दीर्घकालीन डोकेदुखी'. वरून शेरा आला, निश्चित निदान कळवावे. निदान हेच आहे आणि रजा शिल्लक आहे, अशी टिपणी घालून मी फाइल परत वर पाठवली आहे. अजून खाली आलेली नाही.