कौटुंबिक हिंसाचार : मदतीची दारे अनेक, सोबत नेणारे हात अपुरे

जबलपूर : मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तेथे मारहाणीमुळे घराबाहेर पडलेल्या स्त्रीला न्यायाची वाट शोधत फिरावे लागू नये, ही अपेक्षा रास्त आहे. कागदावर पाहिले तर दारे पुष्कळ आहेत. पोलीस ठाण्यातील महिला मदत कक्ष, ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, १८१ आणि ११२ हे दूरध्वनी क्रमांक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय. मात्र यांपैकी प्रथम कोठे जावे, तेथे काय मागावे आणि दुसऱ्या दिवशी कोठे जावे, हे सांगून तिच्यासोबत चालणारी व्यक्ती हा या साऱ्या व्यवस्थेतील कच्चा दुवा राहिला आहे. हा प्रश्न केवळ जबलपूरचा नाही. परंतु न्यायसंस्था इतक्या जवळ असलेल्या शहरात तो अधिक ठळकपणे दिसतो.

कायद्याने हा दुवा गृहीत धरला होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यातील ‘संरक्षण अधिकारी’ हे पद याच कामासाठी निर्माण करण्यात आले. पीडितेचा घटना अहवाल तयार करणे, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास साह्य करणे, वैद्यकीय तपासणी, निवारा आणि मोफत विधी साह्य मिळवून देणे ही त्याची वैधानिक कर्तव्ये आहेत. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही कायदा सांगतो. मात्र अनेक राज्यांत हे पद बालविकास प्रकल्पांतील अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून गेले. अंगणवाड्या, पोषण आहार आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून न्यायालयातील प्रत्येक तारखेला पीडितेसोबत राहण्याची अपेक्षा व्यवहारात फोल ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी याच उणिवेवर बोट ठेवले. महिला व बालविकास विभागातील अधिकारी निश्चित करून त्यांना जिल्हा आणि तालुका स्तरावर संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे, जेथे नेमणूक झालेली नाही तेथे ती सहा आठवड्यांत पूर्ण करावी, असे निर्देश सर्व राज्यांना देण्यात आले. कायदा लागू होऊन जवळपास १९ वर्षांनी न्यायालयाला मूलभूत नेमणुकांविषयी बोलावे लागले, यातच अंमलबजावणीची स्थिती स्पष्ट होते.

मौनाचे आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के, मध्य प्रदेशात २८.१ टक्के, तर महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी वैवाहिक हिंसा अनुभवली आहे. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण देशात अवघे १४ टक्के आहे. जी मागते तीही प्रामुख्याने माहेराकडेच वळते. याचा अर्थ शासकीय व्यवस्थेच्या दारापर्यंत पोहोचणारी स्त्री आधीच बरेच अंतर कापून आलेली असते. तिला पहिल्याच खिडकीवरून परत पाठवणे म्हणजे बहुधा तिला कायमचे परत पाठवणे ठरते.

योग्य माणूस समोर असेल तर चित्र बदलते, याचा पुरावा मध्य प्रदेशातच मिळाला आहे. राज्यातील १८० पोलीस ठाण्यांत झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महिला मदत कक्षांमुळे हिंसाचाराच्या तक्रारींची नोंदणी वाढल्याचे आढळले. कक्षाची सूत्रे महिला अधिकाऱ्याकडे असतील तेथे हा परिणाम विशेष ठळक होता. राज्याने २०२१ मध्ये हे ‘ऊर्जा’ कक्ष ७०० ठाण्यांपर्यंत नेले. मात्र नोंद ही पहिली पायरी होय. राहते घर, पोटगी, मुलांचा ताबा आणि सुरक्षितता हे प्रश्न पोलीस ठाण्याच्या डायरीत सुटत नाहीत.

अंतर आणि मुदत

‘सखी’ केंद्रांची योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू झाली. वैद्यकीय, कायदेशीर, पोलिसी आणि मानसिक आधार एका छताखाली मिळावा, ही कल्पना योग्यच आहे. परंतु जिल्ह्यागणिक एक केंद्र ही तिची मूळ रचना असल्याने कुंडम किंवा मझौलीसारख्या ग्रामीण भागातील स्त्रीसाठी ते शहरातील, म्हणजेच दूरचे ठिकाण ठरते. तेथील तात्पुरता निवारा साधारणतः पाच दिवसांचा असतो. त्यापुढे ‘शक्ती सदन’सारख्या निवासाची सोय लावणे आणि तोवर न्यायालयाचा अंतरिम आदेश मिळवणे, हे काम पुन्हा सोबत करणाऱ्या व्यक्तीवरच येऊन पडते. क्रमांकांचाही घोळ आहे. १८१ हा मध्य प्रदेशात मुख्यमंत्री हेल्पलाइनचा क्रमांक म्हणूनही परिचित आहे. त्यामुळे पाणी आणि शिधापत्रिकेच्या तक्रारींसाठीच्या या क्रमांकावर मारहाणीविषयीही बोलता येते, हे अनेकींच्या ध्यानात येत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव उपयुक्त आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या विशेष कक्षाने प्रशिक्षित समाजकार्यकर्ती थेट पोलीस यंत्रणेत बसवली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राने हेच काम रुग्णालयात केले. जखमेचे कारण ‘पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीशी एकांतात बोलणारे कोणीतरी तेथे असते. दोन्ही प्रयोगांचा भर इमारतीवर नव्हता, पूर्णवेळ प्रशिक्षित माणसावर होता. समेट घडवणे आणि स्त्रीची बाजू लावून धरणे ही दोन भिन्न कामे आहेत, हा धडाही त्यांतून मिळतो. समुपदेशनाच्या नावाखाली सुरक्षिततेची हमी न घेता तिला सासरी धाडणे, हा आधार नव्हे.

नागपूर-विदर्भातून जबलपुरात सासरी आलेल्या मराठी स्त्रियांसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. माहेरी परतल्यावर दाद मागण्यासाठी पुन्हा जबलपूरला खेटे घालणे आवश्यक नाही. अधिनियमाच्या कलम २७ नुसार ती तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. छळाच्या फौजदारी गुन्ह्याबाबतही आश्रय घेतलेल्या ठिकाणी तक्रार ग्राह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केले. दंडाधिकाऱ्यांकडील अर्जासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असणेही बंधनकारक नाही. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध आहे. तातडीचा धोका असल्यास मात्र प्रथम ११२ वरच संपर्क साधणे श्रेयस्कर.

नव्या कायद्याची गरज येथे फारशी नाही. नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांची नावे प्रत्येक तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात लावली गेली का, त्यांच्यावरील इतर कामांचा भार कमी झाला का आणि किती अर्ज ६० दिवसांत निकाली निघाले, या तीन प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे मिळू लागली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा अर्थ प्रत्यक्षात उतरला, असे म्हणता येईल.