तोल कुणाचा गेला?

भोपाळात भेलच्या वसाहतीलगतच्या इंद्रपुरीत गच्चीवर उभे राहा, की आपल्या गावासारखेच घरांच्या डोक्यावर मोबाइलचे मनोरे दिसतात. त्यांवर चढणारा माणूस मात्र आपल्याला भेटतो तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चार ओळींत. तिथले हिंदी पत्र लिहिते, 'संतुलन बिगड़ने से'. आपले मराठी पत्र लिहिते, 'तोल जाऊन'. कन्नड पत्र लिहिते, 'आयतप्पि'. दुकानांच्या पाट्यांवरून भांडणाऱ्या भाषांचे एवढ्या एका बाबतीत एकमत आहे: चूक मेलेल्याची!

मला हे वाक्यच मान्य नाही. तोल कुणाचाही जातो. 40 मीटरवरून सुटलेला देह तीन सेकंदांच्या आत, ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. म्हणून तर अंगभर पट्ट्यांचा बेल्ट आणि दोन हुक असतात. एक सोडण्यापूर्वी दुसरा अडकवायचा. याला वेळ लागतो, आणि मजुरी मनोऱ्यामागे ठरली असेल तर वेळ म्हणजे पोटाला चिमटा. कंपनी ठेकेदाराला काम देते, ठेकेदार पोटठेकेदाराला, तो चार पोरांच्या टोळीला. दर पायरीवर पैसा गळतो आणि शेवटी कमी पडतो तो दुसरा हुक.

कायदा नव्हता असे नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत दूरध्वनीचे काम होते, मनोरेही होते; पण तो लागू दहा कामगारांपासून. 21 नोव्हेंबर 2025 ला नवी संहिता अमलात आली, तिने कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली. टोळी चौघांची, कायदा पन्नासांचा! ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडे मागता येते, हे तत्त्व तर 1923 पासूनचे. पण ते त्याच्या विधवेला तिच्या भाषेत सांगणार कोण?

अमेरिकेत 2013 साली असे 13 कामगार मेले, तेव्हा सरकारी सुरक्षा खात्याने कंपन्यांनाच पत्र धाडले: ठेकेदार निवडताना सुरक्षितता पाहा. आपण अजून मेलेल्याचा तोल मोजतो आहोत.

आणि आपण तरी कोरडे कुठे? गच्चीचे भाडे आपणच घेतो. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी पोरे चढायला आली की दोन हुक दाखवा म्हणा. नसतील तर किल्ली देऊ नका. किल्ली तर आपल्याच हातात आहे ना?